लिबरेटरचा पत्रा – प्रकल्प नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय. चार वर्षं झाली जुन्या विमानांचे सुटे भाग गोळा करतोय आणि कुठली वस्तू कुठून आली, कोण काय बोललं, हे डोक्यातच राहिलं, आता त्यातलं अर्धं आठवत नाही. वस्तू राहते पण तिची गोष्ट निसटते, आणि गोष्ट निसटली की नुसतं भंगार उरतं.

सकाळी जुन्या बाजारात एक मॅनिफोल्ड प्रेशर गेज मिळाला, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा. दोन काट्यांचा, डायल काळी, मागे अमेरिकन डेटा प्लेट, काच शाबूत. भंगारवाला म्हणाला विमानाचा आहे, ते बरोबर आहे. कुठल्या विमानाचा, हा खरा प्रश्न. मला मनातून तो लिबरेटरचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानाचा हवाय, पण तेच गेज डाकोटा ह्या मालवाहू विमानात पण असायचे आणि डाकोटा आपल्याकडे ढीगभर होती. इंजिनाचं पण तसंच. लिबरेटरला चार ट्विन वॅस्प, डाकोटाला दोन ट्विन वॅस्प, तीच १४ सिलिंडरची, प्रत्येकी १२०० हॉर्सपॉवर. माझ्याकडचं रॉकर बॉक्सचं झाकण आहे ना, त्याच्यावर मी दोन वर्षं लिबरेटर म्हणून चिठ्ठी लावली होती, आज ती काढली आणि 'ट्विन वॅस्प' एवढंच लिहिलं. झाकण स्वतः जेवढं सांगतं तेवढंच चिठ्ठीवर असावं.

दुसरी गोष्ट. परवा शिफ्टमधल्या मित्राला मोबाईलवर या झाकणाचा फोटो दाखवत होतो तर तो म्हणाला, अरे आमच्या मामाच्या गोठ्यावर विमानाचा पत्रा आहे, लहानपणापासून बघतोय, वजनाला काही नाही आणि गंजत पण नाही. गाव लोहगावच्या पलीकडे. पुढच्या रविवारी जाऊ म्हणाला.

३ डिसेंबर २०२३, रविवार

गेलो होतो. अजून हात थरथरतायत म्हटलं तरी चालेल.

गोठा साधाच, दगडी जोतं, लाकडी वासे, एका बाजूला कडब्याची गंज. छपरावर बहुतेक सिमेंटचे पत्रे आणि कोपऱ्यात, जिथे वासरू बांधतात तिथे, एक वेगळा तुकडा. वरून सपाट, धुराने आणि शेवाळाने काळा पडलेला. मी आत जाऊन खालून टॉर्च मारला आणि खालच्या बाजूने बारीक पन्हाळी दिसली. म्हणजे वर एक सपाट पत्रा, त्याला आतून पन्हाळी पत्रा रिव्हेट केलेला, दोन्ही मिळून एकच चादर. आणि एका कडेला, वाशाच्या आडोशाला, लोखंडी ब्रॅकेट आणि त्यात एक छोटं चाक. गंजून घट्ट बसलेलं.

चाक बघितलं आणि मला कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाकीच्या बहुतेक बॉम्बर विमानांची बॉम्ब बेची, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याची, दारं कपाटासारखी खाली उघडायची. लिबरेटरची तशी नव्हती. ती दुकानाच्या शटरसारखी होती, रुळांवर चाकं, आणि दार गुंडाळत विमानाच्या कुशीवरून वर सरकायचं. त्याचा फायदा असा की उघडलेलं दार वाऱ्यात लोंबकळत नाही, विमानाचा वेग मरत नाही. पण वाकायला हवं म्हणून पत्रा इतका पातळ ठेवलेला की माणूस वर पडला तर दारासकट खाली जाईल. मधून जाण्यासाठी जेमतेम वीतभर रुंदीची फळी असायची, तिच्यावरून क्रू ये-जा करायचा, आणि खाली हे पातळ दार.

तर ते दार वासराच्या डोक्यावर होतं.

मामा म्हणाले त्यांच्या वडिलांनी मिलिटरीच्या भंगारातून घेतला, ते लहान होते तेव्हा, सत्तर सालच्या आसपास. बैलगाडीतून आणलेला त्यांना आठवतोय. मी विचारलं अजून काही होतं का, तर म्हणाले होतं बरंच, काही विकलं, काही भावकीत गेलं.

मी पैशाचं काही बोललो नाही आज. मामींनी चहा दिला, पिठलं-भाकरी खाऊनच जा म्हणाल्या. मनात धाकधूक एकच, मी इतका उत्सुक दिसलो की ते पत्र्याला खजिना समजतील आणि कापून ठेवतील.

१० डिसेंबर २०२३, रविवार

पत्रा उतरवला.

ठरलं असं. गोठ्याच्या त्या बाजूला सगळे नवीन रंगीत पत्रे मी घालून द्यायचे, मजुरीसकट. मामा म्हणाले पैसे नकोत, पावसाळ्यात गळायला नको एवढंच बघा. मी तरी एका कागदावर लिहून घेतलं, वस्तू कुठून मिळाली, कोणी कधी आणली, कशाच्या बदल्यात दिली, त्यावर त्यांची सही आणि माझी. मामांना गंमत वाटली पण सही केली. हा कागद मला पत्र्याइतकाच महत्त्वाचा आहे.

खिळे काढायच्या आधी प्रत्येकाचा फोटो घेतला. अकरा खिळे, त्यातले तीन डांबरी वायसरवाले. मित्र पहार घेऊन वर चढला होता त्याला खाली उतरवलं. एकेक खिळा खालून लाकडी ठोकळा लावून, पक्कड धरून, हळूहळू. दीड तास लागला. मामी म्हणाल्या जावई उतरवतोय का पत्रा. वासराला आधीच बाहेर चिंचेखाली बांधलं होतं.

१२ डिसेंबर २०२३

टेम्पोने घरी आणला, गाद्यांमध्ये गुंडाळून. मापं: लांबी साधारण सहा फूट, रुंदी साडेचार. एक बाजू कापलेली आहे, बहुतेक छपराच्या मापाला. वजन साडेसात किलो. एवढी मोठी चादर आणि साडेसात किलो, मी एका हाताने उचलली. व्हर्नियरने कडेला जाडी घेतली, एका पत्र्याची अर्धा मिलिमीटर. गोठ्यावर बसवलेल्या नवीन पत्र्यांच्या जवळपास तेवढीच, पण हा पत्रा युद्धात बॉम्बच्या खाली होता.

२४ डिसेंबर २०२३

नाताळची सुट्टी, वाचत बसलोय. ही हकिकत आपल्या लोकांना कमी माहिती आहे म्हणून सविस्तर लिहितो.

लिबरेटर अमेरिकन, कन्सॉलिडेटेड कंपनीचं डिझाइन, पंखांची रुंदी ११० फूट, एकूण १८ हजारांच्या वर बनली. फोर्डच्या विलो रनच्या कारखान्यातून युद्धाच्या ऐन भरात तासाला जवळपास एक बाहेर पडायचं. ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सला ती लेंड-लीज करारावर, म्हणजे अमेरिकेने युद्धापुरती उसनी दिलेली, मिळाली आणि बंगालमधल्या सालबोनी, दिग्री, ढुबालिया अशा तळांवरून ती ब्रह्मदेशावर जायची. युद्ध संपलं. कराराप्रमाणे विमानं एकतर परत करायची नाहीतर नष्ट करायची. परत कोण नेणार. मग कानपूरला ती एकत्र उभी केली आणि पुन्हा उडू नयेत अशी मोडून टाकली. काहींवर बुलडोझर घातले, उपकरणं फोडली, पत्र्याला भोकं पाडली, इंजिनात वाळू टाकली.

मग १९४८ साली नवीन देशाच्या हवाई दलाला जड बॉम्बर हवं होतं आणि घ्यायला पैसे नव्हते. एचएएलची, म्हणजे बंगळूरच्या विमान कारखान्याची माणसं कानपूरला गेली आणि त्या मोडक्या ढिगातून उडवण्याजोगी विमानं उभी करायला लागली. ह्याचं हे काढ, त्याला ते लाव. जागेवर फक्त एवढी दुरुस्ती की ती बंगळूरपर्यंत पोचतील, दीडेक हजार किलोमीटर, आणि खरं काम बंगळूरला. ती विमानं तशा अवस्थेत उडवत नेणारे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी. मी रोज मशीनवर काम करतो, बेअरिंगचा आवाज जरा बदलला तरी मशीन बंद करतो. हा माणूस वाळू काढून धुतलेल्या चार इंजिनांवर, बुलडोझर लागलेल्या सांगाड्यात बसून निघाला, एकदा नाही तर परत परत. ह्यांच्यावर पुण्यात एखादा चौक तरी पाहिजे होता असं मला फार वाटतं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये कानपूरला ५ नंबरची स्क्वाड्रन ह्या विमानांवर उभी राहिली. पुण्याचा संबंध असा की १९५१ साली ६ नंबर स्क्वाड्रन इथे पुण्यात परत उभी केली, समुद्रावर गस्त घालायला, आणि तिच्याकडे लिबरेटर. हवाई दलातून ती निघाली १९६८ च्या शेवटी. म्हणजे जगात बाकी सगळीकडे ती वितळवून भांडी झाली त्यानंतर किती वर्षं आपल्याकडे उडत होती. म्हणूनच आज जगात जी मोजकी लिबरेटर शिल्लक आहेत त्यातली कितीतरी भारतातून गेलेली आहेत. कॅनडात ओटावाला एक, १९६८ ला गेलं. अमेरिकेत ॲरिझोनात पिमाच्या म्युझियममध्ये एक, १९६९ ला उडत गेलं. इंग्लंडच्या आरएएफ म्युझियमला १९७४ ला एक. आणि १९८१ ला भंगारातून विकत घेऊन गेलेलं एक अमेरिकेत परत उडायला लागलं. आपलं एक पालमला आहे.

मामा म्हणतात सत्तरच्या आसपास. विमानं निघाली ६८ च्या शेवटी. जुळतंय.

७ जानेवारी २०२४, रविवार

साफसफाईची चाचणी. आधी एका कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेवर.

सगळे मला सांगतात ब्रास्सोने पॉलिश कर, आरशासारखा चमकेल. तेच करायचं नाही. हा पत्रा अल्क्लॅड आहे, म्हणजे आत कणखर मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा कागदासारखा पातळ थर. तो थर स्वतः झिजून आतल्या धातूला वाचवतो. पॉलिश केलं की तोच निघून जातो. गोठ्यात पन्नास वर्षं ह्याला त्या थराने सांभाळलं, आणि मी एका दुपारी चिंध्या घेऊन तो घालवायचा का.

तर डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब साधा लिक्विड सोप, कापसाच्या काड्या, आणि जिथे शेण-माती घट्ट बसलीय तिथे बांबूची तासलेली काडी. धातूचं काही लावायचं नाही. चुलीचा धूर तेलकट असतो तो पाण्याने निघत नाही, तिथे थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक काडी, एक फिरवणं, फेकून द्यायची. दोन तासात वहीच्या पानाएवढं झालं.

आणि मग आतल्या बाजूला, पन्हाळीच्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगट जागेत, फिकट शाईची अक्षरं वर यायला लागली. आधी मला वाटलं डाग आहे. भिंग घेतलं. तिरपा उजेड टाकला. अल्क्लॅड, आणि पुढे २४ एस-टी, म्हणजे मिश्रधातूचा नंबर. पत्रा बनवणाऱ्या गिरणीने चादरीवर ओळीने छापलेला शिक्का, ८० वर्षांपूर्वीचा, त्यावर गोठ्याचा धूर बसला म्हणून टिकला. मी सौ.ला हाक मारून बोलावलं. तिने वाकून वाचलं आणि म्हणाली, अरे हे तर अजून ओलं असल्यासारखं दिसतंय.

रात्री साडेअकरापर्यंत बसलो. कडेच्या पट्टीवर एक रबरी शिक्का पण सापडला, पुढचे आकडे पुसलेत पण सुरुवात स्वच्छ आहे, ३२. कन्सॉलिडेटेडच्या कामात लिबरेटरचा मॉडेल नंबर ३२, सुट्या भागांचे नंबर ३२ ने सुरू होतात. त्याच कंपनीचं कॅटलिना विमान असतं तर २८ असता.

आता चिठ्ठीवर लिबरेटर लिहिलं. पेनाने.

२६ जानेवारी २०२४

सुट्टी, सकाळपासून रिव्हेट मोजतोय. आजची नोंद लांबणार आहे.

अमेरिकन विमानात सगळ्यात जास्त वापरलेला जो ॲल्युमिनियमचा रिव्हेट, त्याच्या डोक्यावर बरोबर मधोमध एक बारीक खळगा असतो, टाचणीच्या टोकाएवढा. ती धातूची खूण आहे, कुठलं मिश्रण हे हाताला आणि डोळ्याला कळावं म्हणून. वरचा काळपटपणा गेल्यावर ओळीच्या ओळी दिसायला लागल्या, प्रत्येक डोक्यावर तो खळगा. मी नखाने एकेक चाचपत गेलो. खळगा, खळगा, खळगा. कारखान्यात हे काम करणाऱ्यांत बायका खूप होत्या, एक बाहेरून गन धरायची, दुसरी आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरायची. अंतरं इतकी सारखी आहेत की पट्टी लावली तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही.

आणि मग वरून तिसऱ्या पन्हाळीपाशी बोट अडखळलं. इथे रिव्हेटला खळगा नाही.

डोकं गोल, जरा उंच, आणि नुसतं गुळगुळीत. शेजारी दुसरा तसाच. मी तेवढी जागा साफ केली, सगळी दुपार गेली, आणि खालून निघालं एक ठिगळ. साधारण पोस्टकार्डाएवढं, चारी कोपरे नीट गोल केलेले, चौदा रिव्हेट. आतल्या बाजूने बघितलं तर मूळ पत्र्याला फाटका घाव आहे, काठ आतल्या दिशेला वळलेले, म्हणजे मार बाहेरून बसलाय. घावाची टोकं पुढे चिरत जाऊ नयेत म्हणून दोन्ही टोकांना छोटं भोक पाडून थांबवलेलं आहे. हे शिकलेल्या हाताचं काम आहे. पन्हाळी जिथे चेपली होती तिथे ती आतून ठोकून परत उठवलीय, हातोडीचे बारीक ठसे दिसतात, एकमेकांवर चढलेले, कुठेही घाईचा एक घाव नाही.

मी फॅब्रिकेशनमध्ये दोन वर्षं काढलीत, तर सांगतो. अर्धा मिलिमीटरच्या पत्र्यावर ठिगळ मारताना पत्रा ताणला जातो, फुगतो, डब्यासारखा टकटक वाजायला लागतो. हे ठिगळ मी अंगठ्याने दाबून बघितलं. वाजत नाही. बसलंय ते बसलंय.

तो घाव कानपूरच्या बुलडोझरचा की नंतर कधी टायरखालचा दगड उडून लागला, पत्रा त्याबद्दल काही बोलत नाही म्हणून मी पण लिहिणार नाही. पण खळगा नसलेले हे रिव्हेट बाकीच्या ओळींतले नाहीत, नंतर मारलेले आहेत, हे तो स्पष्ट बोलतोय. अमेरिकेत कोणी एकीने बनवलं, कुणीतरी मार दिला, आणि नंतर कुणीतरी, ज्याच्याकडे मूळचे रिव्हेट नव्हते, त्याने हाताशी असलेल्या रिव्हेटने इतकं सुबक जोडलं.

मला आजवर मिळालेल्या सगळ्या वस्तूंमध्ये हे ठिगळ सगळ्यात मोलाचं आहे.

११ फेब्रुवारी २०२४

गेजचं काम. डायलवरचे आकडे आणि काटे रेडिअमच्या रंगाने रंगवलेले असतात, अंधारात दिसावेत म्हणून. आता अंधारात काहीच चमकत नाही आणि लोक समजतात रेडिअम संपलं. संपलेलं नसतं. चमकणारं रसायन दमतं, रेडिअमला निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात. कॉलेजात शिकवणाऱ्या एका ओळखीच्यांनी गायगर काउंटर आणला, काचेजवळ नेल्यावर जी करकर सुरू झाली ती ऐकून मुलाला मी खोलीबाहेर पाठवलं.

तर गेज उघडायचा नाही. काच काढायची नाही, फुंकर मारायची नाही, घासायचं तर मुळीच नाही, तो रंग ठिसूळ होऊन भुकटी होते आणि ती नाकातोंडात गेली तर आयुष्यभर हाडात बसते. बाहेरून ओल्या फडक्याने पुसला, फडकं वेगळ्या पिशवीत, गेज झाकणाच्या डब्यात, डब्यावर पिवळी चिठ्ठी, डबा माळ्यावर कुलपात. जुन्या बाजारातून कोणी असे गेज घेत असाल तर मनापासून सांगतो, कृपा करून पोरांच्या हातात देऊ नका.

पत्र्याच्या कडेला जुना हिरवट-पिवळा प्रायमर आहे, झिंक क्रोमेट, तो पण विषारी. तिथे कोरडं घासणं बंद, फक्त ओलं, मास्क आणि हातमोजे घालून.

२ मार्च २०२४, शनिवार

दिल्लीला कंपनीच्या कामाला आलो होतो, एक दिवस काढून पालमचं हवाई दलाचं म्युझियम गाठलं. एचई-९२४. आपलं लिबरेटर.

फोटोत मोठं वाटतं, पण समोर उभं राहिल्यावर छाती दडपते. पोट जमिनीला किती जवळ आहे ते मला माहीत नव्हतं. मी बाजूला वाकून नुसती दारं बघत राहिलो. तीच वळणाची रेघ, रूळ कुशीवर वर चढत गेलेला. माझा तुकडा त्यात कुठे बसेल हे डोळ्याने मोजलं, घेरावरच्या वळणावरून वाटतं खालच्या अर्ध्यातला असावा. शाळेची सहल आली होती, मुलं मिगकडे पळत होती. त्यांच्या मास्तरांना मी विनंती करून दोन मिनिटं मागितली आणि मुलांना सांगितलं, ह्या विमानाचं दार शटरसारखं उघडतं. एक मुलगी म्हणाली, आमच्या पप्पांच्या दुकानासारखं? म्हटलं अगदी तसंच.

२५ मार्च २०२४, धुळवड

दोन फोन आले, दोन्हींना नाही म्हटलं, कारण लिहून ठेवतो.

पहिला मुंबईचा. पत्र्याचे छोटे तुकडे कापून किचेन करायचे, प्रत्येकावर 'अस्सल बॉम्बर' म्हणून कोरायचं. रक्कम चांगली होती. ज्या विमानाचं बाकी काहीच वाचवता येत नाही, चुरा झालाय, त्याचं कोणी असं करत असेल तर करो. पण ज्यावर शिक्का वाचता येतो, ज्यावर ठिगळ आहे, ते कापायचं म्हणजे पोथीची पानं फाडून विकण्यासारखं आहे.

दुसरा जास्त गंभीर. ईशान्येकडून, डोंगरात पडलेल्या अमेरिकन विमानाची प्लेट आहे म्हणे, घेता का. मी त्या माणसाला अर्धा तास समजावलं. १९४४ च्या जानेवारीत 'हॉट ॲज हेल' नावाचं लिबरेटर चीनहून भारताकडे येताना आताच्या अरुणाचलात कोसळलं, आत आठ जण होते. ते सापडलं २००६ मध्ये. त्यांचे अवशेष शोधायला अमेरिकेची पथकं त्या डोंगरात गेली आणि जे सापडलं ते २०१६ मध्ये दिल्लीहून सन्मानाने परत नेलं. एखाद्या प्लेटवरच्या नंबरावरून कुठलं विमान ते कळतं, विमानावरून माणसं कळतात, कुणाच्या तरी घरी ८० वर्षं रिकामी राहिलेली जागा भरते. ती प्लेट माझ्या कपाटात आली की ते दार बंद. मी त्याला म्हटलं जिथे पडलीय तिथे राहू दे, जागेचा फोटो काढ आणि प्रशासनाला कळव. करेल की नाही देव जाणे, पण मी घेणार नाही आणि माझ्या ओळखीतल्या कोणाला घेऊ देणार नाही.

१४ एप्रिल २०२४

मित्राशी वाद. तो म्हणतो ठिगळ काढून मूळ पत्रा सरळ करू, खळग्याचे नवीन रिव्हेट परदेशातून मागवू, खिळ्यांची भोकं भरू, म्हणजे विमान कारखान्यातून निघालं तेव्हा होतं तसं होईल. त्याचं म्हणणं मनापासूनचं आहे, हाताला पण तो माझ्यापेक्षा चांगला आहे, रिव्हेटिंग त्यानेच केलं असतं.

मी म्हटलं कारखान्यातून निघालं तेव्हाचं दार हवं असेल तर नवीन बनवू, ड्रॉइंग मिळतील, पत्रा मिळेल. हे दार तिथून निघून इतक्या हातांतून इथवर आलंय. ठिगळ काढलं तर ज्याने ते लावलं त्याचं जगातलं एकुलतं काम आपण मोडणार. त्याचं नाव कुठे नाहीये, चौदा रिव्हेट एवढीच त्याची सही आहे. आणि गोठ्याची अकरा भोकं? ती पण राहणार, त्यांनीच हा पत्रा भट्टीपासून वाचवला.

चहा होईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, बरं, चाक तरी फिरतं करू.

२८ एप्रिल २०२४

वाईट दिवस. चाकाच्या लोखंडी ब्रॅकेटवर गंज काढायचं द्रव लावत होतो, ॲसिडचं. ब्रॅकेटच्या खाली प्लास्टिक लावलं होतं पण एक कड सुटी राहिली आणि ओघळ पत्र्यावर गेला. कळेपर्यंत दोन मिनिटं. पाणी मारलं, मारत राहिलो, पण जिथून गेला तिथली शाई गेली. शिक्क्याच्या एका ओळीतली शेवटची दोन अक्षरं. ओळी पुढे परत परत आहेत म्हणून मजकूर वाचला, पण ती दोन अक्षरं आता कुठेच नाहीत. गोठ्याने पन्नास वर्षं सांभाळलं होतं.

ह्यापुढे पत्र्यावर असलेल्या लोखंडाचा गंज काढायला कुठलंही ॲसिड नाही. गंज मेकॅनिकली, काडीने आणि बारीक ब्रशने, मग टॅनिक ॲसिडचं पातळ द्रावण पण तेही कापसाच्या टोकाने, थेंब न पडता. नोंद फोटोसकट ठेवली.

१९ मे २०२४

चाक फिरलं. तीन आठवडे रोज दोन थेंब तेल आणि हेअर ड्रायरची ऊब, मग थंड, मग परत तेल. आज मित्राने बोट लावलं आणि करकरत पाव फेरा गेलं. आतलं बेअरिंग मूळचंच आहे, इंची मापाचं, बदललं नाही. पूर्ण फिरवायचा हट्ट पण केला नाही.

३० जून २०२४

पावसाला जोर आहे, माउली आज पुण्यात, बाहेर टाळ ऐकू येतायत आणि मी गॅरेजमध्ये आर्द्रतेचा आकडा बघतोय. ८२. दोन ठिकाणी रिव्हेटच्या कडेने पांढरी भुकटी आली, म्हणजे आत ओल आहे. भुकटी काडीने काढली, पत्रा दोन दिवस बल्बखाली कोमट ठेवला, मग मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात. हे मेण हवं तेव्हा काढता येतं, लाखेसारखं कायमचं बसत नाही. वरून सुती चादर, प्लास्टिक नाही. सिलिका जेलच्या पुड्या ब्रॅकेटजवळ.

८ सप्टेंबर २०२४, रविवार

काल गणपती बसले. आज मामा-मामी दर्शनाला आले आणि बरोबर मामांच्या आई. नव्वदीच्या आहेत, पाठीत वाकलेल्या. प्रसाद झाला आणि मामा म्हणाले आईला पत्रा बघायचाय.

गॅरेजमध्ये आता तो लाकडी चौकटीवर उभा आहे, खाली नमदा, कुठेही स्क्रू नाही. मी चादर काढली. आजींनी आधी ओळखला नाही, म्हणाल्या हा एवढा उजळ नव्हता. मग जवळ गेल्या, मी हात धुवायला सांगणार होतो पण सांगितलं नाही. त्यांनी बोटं फिरवत फिरवत नेली आणि ठिगळापाशी थांबल्या.

"हे चौकोन ना. ह्याच्याच खाली मी धारा काढायची. सासरे म्हणायचे फाटका पत्रा आणलाय, गळंल. सगळ्या गोठ्यात गळायचं बघ पावसात, कौलातनं, खिळ्यातनं. ह्या चौकोनातनं एक थेंब नाही आला कधी."

मी त्यांना परत एकदा म्हणायला लावलं आणि वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. ठिगळाच्या कार्डावर आत्तापर्यंत रिव्हेटची संख्या आणि मापं होती. खाली आजचा दिनांक घालून हे वाक्य लिहिलं.

जाताना मामी म्हणाल्या धाकट्या जावेच्या माहेरी कोंबड्यांच्या खुराड्याला असाच पन्हाळीचा पत्रा आहे, चाकासकट. पुढच्या रविवारी विसर्जन झालं की जायचंय. फोटोसाठी पट्टी, भिंग, लाकडी ठोकळा, आणि ह्या वेळी पावतीचा कागद दोन प्रतीत.